फुलांच्या अटीवर विकलेली फुलदाणी

दुकान बंद केलं तरी लोकांचं विचारणं काही बंद होत नाही. परवा एका लग्नात शेजारी बसलेल्या बाईंनी जिलबी बाजूला सारून मला विचारलं, "तुमच्याकडे आलेली सगळ्यात महागाची वस्तू कोणती हो?" मी म्हटलं, आठवत नाही. त्यांना वाटलं मी लपवतेय. पण खरंच आठवत नाही. किमती विसरायला होतात. लक्षात राहतात त्या विकायला जीव झाला नाही अशा वस्तू, आणि माझ्या बाबतीत ती वस्तू एकच होती. एक काचेची फुलदाणी.

आमचं जुन्या वस्तूंचं दुकान नागपूरच्या सदर भागात होतं. त्याचे दोन भाग. समोर यांचं लाकूडसामान, मागे माझी काच आणि चिनी माती. 'हे' म्हणजे माझे यजमान, वासुदेवराव. कपाटं, टेबलं, आरामखुर्च्या यांचं त्यांना वेड, आणि पॉलिशची चपडी लाख त्यांच्या नखांतून लग्नाच्या दिवशीसुद्धा निघालेली नव्हती. मी दुकानात आले ती धूळ पुसायला. पुसता पुसता काचेच्या प्रेमात पडले आणि मागची बाजू हळूहळू माझी झाली. यांनी कधी 'ही बाजू तू सांभाळ' असं म्हटलं नाही. एक दिवस फक्त तिकडचा दिवा बदलून मोठा लावून दिला. एवढंच.

नागपुरात जुनी काच कुठून येते, असा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. अहो, हे एका मोठ्या प्रांताच्या राजधानीचं गाव होतं. साहेब आले, त्यांनी बंगले बांधले, आणि जाताना बोटीत मावलं नाही ते इथंच टाकून गेले. मागोमाग मिशनची हॉस्पिटलं, कॉन्व्हेंटं, क्लब. साहेबाचं सामान खानसाम्याकडे गेलं, त्याच्याकडून लेकीच्या संसारात, तिथून कबाड्याकडे, आणि कबाड्याच्या हातगाडीवरून आमच्याकडे. एका रविवारी हातगाडीवर लोखंडी पाइपांच्या खाली मला अख्खा सरबताचा जग सापडला होता. त्या कबाड्याला मी इतकी बोलले, की पुढे तो काच असली की दुकानाच्या अलीकडूनच ओरडत यायचा, "बाई, आज वरतून ठेवली जी!"

काच पारखायला फार विद्या लागत नाही, वेळ लागतो. आधी हात कोरडे करायचे. मग काठाला नखानं हलकी टिचकी. अखंड काच लांबवर वाजते, तडकलेली मध्येच गप्प होते. मग पाण्यानं काठोकाठ भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायची. सकाळी कागदाला ओल दिसली, तर डोळ्यांना न दिसणारी चीर आहे. मग तळ पाहायचा. तळावरचे ओरखडे खरे असले तर वेडेवाकडे असतात. मुद्दाम पाडलेले असले तर एकाच दिशेनं जातात. शेवटी मागच्या दारातल्या उन्हात धरायची. एवढं केलं की ती आपली सगळी हकीगत सांगते.

गिऱ्हाइकांचं मात्र काही सांगता येत नाही. एका गृहस्थांनी सूप वाढायचं भलंमोठं झाकणाचं भांडं नेलं आणि महिन्याभरानं सांगत आले, "बाई, यात दही लय घट्ट लागते." सिव्हिल लाइन्समधल्या एक बाई फुलांच्या नक्षीचा चहाचा सेट परत घेऊन आल्या. का, तर पाहुण्यांपैकी एकानंही 'हा कुठून आणला' म्हणून विचारलं नाही. यांनी हसू दाबण्यासाठी कपाटाच्या आत डोकं घातलं होतं, मला आठवतं.

आणि दुकानाचा एक नियम होता. दुकानातली वस्तू घरी न्यायची नाही. माझ्या सासऱ्यांनी ती चूक करून ठेवली होती. आवडलं की घरी, आवडलं की घरी, असं करता करता घर भरलं आणि दुकान रिकामं झालं. तेव्हापासून यांनी तो नियम पाळला तो शेवटपर्यंत. शिसवी फर्निचरसाठी लोक ज्याच्याकडे रायपूरहून यायचे, तो माणूस घरी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून जेवायचा. आमच्या घरात काचेची म्हणावी अशी वस्तू लोणच्याची बरणी होती, तीही नवी.

तर ती फुलदाणी. सात-आठ वर्षं झाली असतील. उन्हाळा तोंडावर होता. पांढऱ्या साडीतल्या एक म्हाताऱ्या बाई रिक्षातून उतरल्या आणि पोटाशी टॉवेलचं गाठोडं धरून सरळ माझ्या टेबलापाशी आल्या. मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या गजभिये सिस्टर. साडीवरून मला वाटलं अजून नोकरीत आहेत की काय. त्या म्हणाल्या, "आज पौर्णिमा आहे ना बाई, बुद्धविहारातूनच आली." आणि गाठोडं सोडलं.

मी आधी हात कोरडे केले. वीतभराहून थोडी उंच, गोल खांद्याची, गळ्याशी जरा आवळलेली फुलदाणी. खाली हिरवा रंग, वर चढता चढता जांभळा होत गेलेला, त्यात भोवऱ्यासारखी वळणं, आणि काठाशी सोनेरी कण. रंग काचेच्या वर नव्हता, आत होता. अशी काच मी तोवर दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या फोटोंतच पाहिली होती. स्कॉटलंडमध्ये दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ती होत असे. भट्टीतला पारदर्शक काचेचा गोळा रंगीत काचेच्या भुकटीत लोळवायचा, त्यावर पुन्हा पारदर्शक काच चढवायची, आणि मग फुंकून, फिरवून आकार द्यायचा. रंग दोन काचांच्या मध्ये कायमचा अडकतो. म्हणूनच एकासारखी दुसरी होत नाही. यावर बनवणाऱ्याचं नाव नसतं. नुसता एक कागदी शिक्का चिकटवलेला असायचा आणि तो पहिल्या धुण्यातच निघून जायचा. म्हणून संग्राहक सगळ्यात आधी तळ पाहतात. काच ज्या सळईवर धरून घडवतात, तिच्यावरून तोडलेली जागा तिथं घासून नाण्यासारखी गुळगुळीत केलेली असते. मी उलटी करून अंगठा फिरवला. गुळगुळीत.

"ही कशासाठी वापरायचात हो सिस्टर?" मी विचारलं.

"कशासाठी म्हणजे? फुलासाठी. रोज."

मी आत बोट घालून पाहिलं आणि व्यापाऱ्याच्या तोऱ्यात म्हणाले, "रोज शक्यच नाही. आपल्या नागपूरचं पाणी जड. रोज पाणी भरलं असतं तर आत पांढरी रेघ पडली असती. हिच्यात रेघच नाही."

सिस्टरनी माझ्याकडे नवीन शिकाऊ पोरीकडे पाहावं तसं पाहिलं. "उकळून गार केलेलं पाणी टाकतो आम्ही. पेशंटले देतो तेच फुलाले. क्षार सगळा पातेल्याच्या बुडाले राहते."

काचेच्या धंद्यात तोवर माझे केस पिकले होते, पण फुलांना उकळलेलं पाणी देणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. मग त्यांनी सगळं सांगितलं. फुलदाणी मेट्रन मॅडमची. मॅडम स्कॉटलंडच्या, लग्न न केलेल्या. आपल्या आईकडची ही एकच वस्तू घेऊन नागपूरला आल्या आणि ती त्यांनी बायांच्या वॉर्डातल्या टेबलावर ठेवली.

"बाळंतीण बाया सकाळी डोळा उघडला का आधी पाहत, आज कोणतं फूल आलं. एखादीचं बाळ गेलं असलं तर मॅडम ते टेबल तिच्या खाटेजवळ सरकवून देत. बोलत काही नव्हत्या. मराठी कमीच येत होतं त्यांले."

मॅडमना मायदेशी बोलावणं आलं तेव्हा त्यांनी फुलदाणी तरुण गजभिये सिस्टरच्या हातात दिली. हिला कोरडं ठेवू नको, म्हणाल्या. मी येईन परत.

"आल्या?"

"कुठच्या येतात बाई!"

"किती वर्षं वाट पाहिली तुम्ही?"

"अजून पाहून राहिली ना," सिस्टर अगदी सहज म्हणाल्या. "आता त्या असतीलही की नाही. माहीत आहे मले. पण दार वाजलं आन मॅडम उभ्या दिसल्या, तर फुलदाणी कोरडी दिसाले नको, बस एवढंच."

आता त्या पारशिवनीला भावाच्या घरी राहायला जाणार होत्या. घरात लहान पोरं, मांजरी, आणि सिस्टरच्या डोळ्यांना दिसेनासं होत चाललेलं. माझ्याच हातून फुटण्यापेक्षा चांगल्या घरी जाऊ दे, म्हणाल्या. पैशाची त्यांनी विचारपूसही केली नाही. अट मात्र घातली. घेणाऱ्यानं तिच्यात फुलं ठेवली पाहिजेत. शोभेला कपाटात ठेवणाऱ्याला द्यायची नाही.

समोरून यांचा आवाज आला. "सिस्टर, माल विकला का मालक बदलला. मंग त्यानं त्यात फुलं ठेवावं का चमचे, आपण कोण सांगणार जी?"

"मी सांगणार," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून तर तुमच्याकडे आणली. नाहीतर कबाड्याले नसती देली?"

हे गप्प बसले. यांना गप्प बसवणारी माणसं नागपुरात मोजकी होती, त्यात सिस्टर त्या दिवशी सामील झाल्या. जाता जाता त्यांनी मला आणखी एक बजावलं. विकेपर्यंतसुद्धा फुलदाणी कोरडी ठेवायची नाही.

जुनी काच संग्रहाला घेणारा माणूस तिच्यात पाणी घालत नाही. त्याला डाग नको, चीर नको, धक्का नको. त्याला ती कुलपात हवी. आणि इतक्या चांगल्या काचेचं मोल जाणणारा तर संग्राहकच. म्हणजे जो घेईल तो फुलं ठेवणार नाही आणि जो फुलं ठेवेल तो ही घेणार नाही. असा माल मी आयुष्यात पहिल्यांदा विकायला ठेवला होता.

पहिल्या दिवशी मी फुलवालीकडून चार निशिगंध आणून ठेवले. दुसऱ्या दिवशी विसरले. तिसऱ्या दिवशी हे सकाळच्या फिरण्याहून थेट दुकानात आले आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "हे घे वं."

"काय आहे?"

"फुलं. त्या सिस्टरनं सांगितलं ना. उगाच येईन आन मले बोलन."

तगरीच्या दोन डहाळ्या होत्या. मी घरून बाटलीत उकळलेलं पाणी आणलंच होतं. फुलं ठेवली. पांढरी फुलं, खाली जांभळा काठ, आणि मागच्या दारातून आत येणारं ऊन. हे तिथं थोडा वेळ उभे राहिले आणि आपल्या लाकडाकडे गेले.

आता हे मी लिहावं की नाही असं मनात येतं, पण लिहिते. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, या माणसानं मला कधी गजरासुद्धा आणला नव्हता. स्वभावच तसा. मी तक्रार केली नाही, कारण घरात कशाची कमी नव्हती. पण त्या दिवसापासून रोज सकाळी रुमाल यायचा. कण्हेर, जास्वंद, कुणाच्या तरी कुंपणावरची बोगनवेल. भर उन्हाळ्यात फुलं संपली तेव्हा बहर आलेली कडुनिंबाची डहाळी. पावसाळ्यात गुलबक्षी आणि सोनटक्का. नंतर नंतर तर निवडून आणायला लागले. एकदा म्हणाले, "जांभळी नाही आणली आज. काच जांभळी हाये, उठून दिसत नाही." मी वर पाहिलं तर ते भिंतीकडे पाहून बोलत होते.

एकदा एका बंगल्याचा चौकीदार त्यांच्या मागोमाग दुकानात शिरला. "बाई, हे बाबा रोज आमच्या कुंपणावरची फुलं तोडून नेऊन राहिले. साहेबानं मले झापलं!"

मी यांच्याकडे पाहिलं. साठी उलटलेला माणूस, हातात दुसऱ्याच्या बागेतली पिवळी कण्हेर.

"काहून तोडता गा बाबा?" चौकीदारानं विचारलं.

"दुकानाचा माल हाये, त्याले लागते," हे म्हणाले. चौकीदाराला काही कळलं नाही. मी त्याला फुलदाणी दाखवली, चहा दिला. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत बसला आणि जाताना म्हणाला, "उद्यापासून मीच तोडून गेटवर ठेवतो. फांदी मोडू नका फक्त."

चहाचं म्हणाल तर तोवर आम्ही कधी एकत्र चहा प्यायलो नव्हतो. हे समोर, पॉलिशवाल्यांबरोबर. मी मागे. त्या वर्षी यांचा कप माझ्या टेबलावर यायला लागला. मी जुनं पाणी फेकायची, नवं भरायची, आणि हे खुर्ची ओढून बसायचे. बोलायचे काय, तर लाकडाबद्दल, गुडघ्याबद्दल, माझ्या माहेरच्या एका आंब्याबद्दल, जो त्यांना इतकी वर्षं आठवत होता हे मला माहीतच नव्हतं. मी तर गिऱ्हाईक आलं की चिडायला लागले. दुकानदारानं गिऱ्हाइकावर चिडायचं म्हणजे कमालच, पण चिडायची.

गिऱ्हाइकं येतच होती. जरीपटका वस्तीतले एक कापड व्यापारी आले. त्यांना सगळं जोडीनं लागायचं. "बहनजी, एक का क्या करूं? दो दो, दोनो तरफ रखूंगा." अशी दुसरी जगात नाही म्हटल्यावर हिरमुसले, तरी घेतो म्हणाले. फुलांचं विचारलं तर खुशीनं म्हणाले, "रखेंगे ना! प्लास्टिक के. धुल भी जाते हैं." सिस्टरना फोनवर सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "जाऊ द्या त्याले." मुंबईच्या एका जोडप्यानं फोटोवरूनच पक्की केली होती. फुलांची अट ऐकून ते हसले आणि गुंतवणुकीत पाणी कोण घालतं, काकू, म्हणाले. मला मनातून बरं वाटलं. एक एक गिऱ्हाईक परत जात होतं आणि माझा फुलांचा एक एक महिना वाढत होता.

मग डॉक्टर देशकर आले. धरमपेठेतले, कान-नाक-घशाचे, निवृत्त. पत्नी गेलेल्या, मुलगी कॅनडात. घरी दिवे लावलेलं काचेचं कपाट, नागपुरातला सगळ्यात चांगला संग्रह. फुलदाणी पाहून ते खालीच बसले. अट मी त्यांना सांगितली. त्यावर ते म्हणाले, "वहिनी, मी हो म्हणेन आणि ठेवणार नाही. मला माझा स्वभाव ठाऊक आहे. त्यापेक्षा नकोच."

पण येत राहिले. दर शनिवारी यायचे, नुसती पाहायचे आणि जायचे. यांना म्हणायचे, "आज काय आणलंत?" हे त्यांना झाडाचं नाव सांगायचे. दोन पुरुष फुलांवर बोलताहेत, हे माझ्या दुकानात घडत होतं.

थंडी सुरू झाली तशी एका शनिवारी डॉक्टर आले आणि उभ्या उभ्याच बोलायला लागले. गेला महिनाभर ते घरी स्टीलच्या पेल्यात फुलं ठेवत होते. रोज. जमतं का पाहायला. "जमतं हो वहिनी. सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता मी सिस्टरना शब्द देऊ शकतो."

सिस्टर पारशिवनीहून आल्या. त्यांनी डॉक्टरांना फार काही विचारलं नाही. पाणी कोणतं, एवढंच विचारलं. मशीनमधलं शुद्ध पाणी, डॉक्टर म्हणाले. "मशीनवर माहा भरोसा नाही," सिस्टर म्हणाल्या, "उकळूनच टाका." डॉक्टरांनी मान डोलावली आणि सौदा झाला. मी तिथंच बसले होते, आणि मला वाटत होतं सिस्टर नाही म्हणतील.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी यांच्याजवळ गेले. हे एका टेबलाच्या पायाला पॉलिश करत होते. मी म्हटलं, "अहो, फुलदाणी आपणच ठेवायची का? डॉक्टरांना मी समजावते. सिस्टर मला नाही म्हणणार नाहीत."

त्यांचा हात थांबला. मी त्या थांबलेल्या हाताकडे पाहत होते. मग तो पुन्हा चालू झाला.

"दुकानातलं घरी नेत नाही वं आपण," ते म्हणाले.

मला इतकं लागलं की मी त्यांना जेवायला वाढून स्वतः जेवले नाही. त्यांनी मात्र पुढचे काही दिवस खपून सागाची एक पेटी बनवली. आतून कापूस, त्यावर मऊ कापड, फुलदाणीच्या पोटाला बसेल अशी खोबण, पितळेची कडी. मुद्दाम बनवून घेतली तरी इतकी चांगली पेटी मिळाली नसती. डॉक्टर न्यायला आले तेव्हा हे पेटी स्वतः गाडीपर्यंत घेऊन गेले आणि गाडी वळेपर्यंत रस्त्यावर उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दुकानात आले तर हातात रुमाल होता. शेवंती होती, पिवळी. मागे येऊन टेबलाजवळ उभे राहिले. टेबल रिकामं. "सवय झाली," असं काहीतरी पुटपुटले आणि रुमाल तिथंच ठेवून समोर गेले. मी पेला शोधत होते तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, मग दुसरं. दुपारी रुमाल उघडला तेव्हा शेवंती सुकली होती. त्यानंतर त्यांनी फुलं आणली नाहीत. चहाचा कप पुन्हा समोर गेला. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. फुलदाणी नव्हती तर फुलं कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. मी मागितली असती तर रोज आणली असती, पण लग्नाला इतकी वर्षं झालेल्या नवऱ्याकडे 'मला फुलं आणा' असं कसं म्हणायचं? मला लाज वाटली. बायकांना कशाकशाची लाज वाटते.

तीन वर्षं होतील आता त्यांना जाऊन. आजार लहानसाच वाटला होता. समोरची बाजू मी वर्षभर चालवून पाहिली, पण लाकडाला त्यांचा हात पाहिजे होता. मग सगळंच आवरलं.

यंदा गणपतीनंतर डॉक्टर देशकरांचा फोन आला. मुलीकडे कायमचे जाणार आहेत. संग्रह एका संस्थेला देऊन टाकला, फक्त ही फुलदाणी दिली नाही. तिथं कुलपात जाईल आणि सिस्टरना दिलेला शब्द मोडेल. त्यांनी पारशिवनीला फोन केला. सिस्टरना आता जवळजवळ काहीच दिसत नाही, पण आवाज खणखणीत आहे. त्या म्हणाल्या, "त्या दुकानवाल्या बाईले द्या. तिचाच जीव होता तिच्यात. मले तेव्हाच कळलं होतं."

मी धरमपेठेत गेले. बैठकीत, खिडकीजवळ, कपाटाच्या बाहेर ती होती. झेंडूची दोन फुलं होती. मी आत बोट घालून पाहिलं. रेघ नाही. डॉक्टरांनी इतकी वर्षं पाणी उकळलं होतं. पेटी बाजूला होती, पितळेची कडी पुसलेली.

"न्या वहिनी," डॉक्टर म्हणाले. "पैशाचं काही बोलू नका. आता दुकानाचा नियमही नाही तुम्हाला."

मी पेटीच्या आतल्या कापडावर हात फिरवला. आयुष्यात एकच वस्तू मला स्वतःसाठी हवी होती आणि ती कोणी हातात ठेवत होतं. मी पेटीची कडी लावून टाकली. मग म्हटलं, "फुलदाणी मिळेल हो डॉक्टर. पण मला ती नको होती, हे मला आत्ता कळतंय. मला सकाळी येणारा तो रुमाल हवा होता."

डॉक्टर उठून आत गेले. त्यांनी चहा केला. आम्ही दोघं तो पीत फुलदाणीकडे पाहत बसलो, आणि मग माझ्यातली दुकानदार जागी झाली. म्हटलं, मी विकून देते. अजून येतं मला.

तेव्हा या अंकाच्या वाचकांपैकी कोणाला हवी असेल तर कळवावं, संपादकांना माझा पत्ता ठाऊक आहे. जुनी स्कॉटिश फुलदाणी, हाताने फुंकलेली, वीतभर आणि वर चार बोटं उंच. खाली हिरवी, वर जांभळी, काठाशी सोनेरी कण. चीर नाही, डाग नाही, तळ गुळगुळीत. सोबत सागाची पेटी, कारागीर आता हयात नाही. किमतीचं जमवून घेऊ. अट एकच, आणि ती माझी आहे. घरात दोन माणसं हवीत. एक फुलं आणणारं आणि एक पाणी बदलणारं.